नाव गळले की गाळले?

या समारंभाचे अध्यक्ष आणि आपले प्राचार्य माननीय अप्पासाहेब सामंत, व्यासपीठावर विराजमान झालेले संस्थेचे पदाधिकारी, आजच्या सत्कारमूर्ती प्राध्यापिका डोरथी रोझारियो, माझे सहकारी, विद्यार्थी-विद्यार्थिनी, आणि मागच्या दाराशी उभे राहून बटाटेवड्यांच्या पातेल्यावर लक्ष ठेवणारे सर्व जागरूक श्रोते हो,

मी गंगाराम धुरी, गणित शिकवतो. अध्यक्षांनी मला सात मिनिटं दिली आहेत आणि देताना घड्याळ दाखवून दिली आहेत. यावरून त्यांचा माझ्यावर किती विश्वास आहे ते तुमच्या ध्यानात यावं.

आज मला दोन कामं करायची आहेत. बाईंबद्दल चार चांगले शब्द बोलायचे आहेत, ते सोपं आहे. दुसरं काम म्हणजे स्वतःबद्दल एक गोष्ट सांगायची आहे, जी मी तीन वर्षं पोटात ठेवली. ती आज नाही सांगितली तर या सभागृहात बसलेली एक मुलगी परवा संपणाऱ्या मुदतीत आपला अर्ज भरणार नाही. बाई माझ्याकडे बघताहेत. बाई, बघा, पण आज मला खुणेने खाली बसवू नका.

आधी सोपं काम. डोरथीबाई या महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवायला आल्या १९६१ साली. वर्गात सत्तावीस मुलं आणि त्यातली निम्मी, हा विषय घेतला की गणित टळतं म्हणून आलेली. मी तेव्हा इथेच शिकत होतो आणि खोटं कशाला बोलू, त्या निम्म्यात होतो. पुढे मी गणिताचाच प्राध्यापक झालो, हा बाईंच्या शिकवण्याचा परिणाम की त्यांच्या वर्गातून पळ काढण्याचा, यावर आमचं अजून एकमत नाही.

बाईंचा विषय कोणता, हे गावाला सत्तावीस वर्षांत नीट कळलेलं नाही. विचार करणारं यंत्र उद्या निर्माण झालं आणि त्याने कुणाचं नुकसान केलं, तर दोष कुणाचा? एवढाच त्यांचा प्रश्न. आता तुम्ही सांगा, ज्या मालवणात तेव्हा दिवसातून तीनदा वीज जायची, तिथे बसून विचार करणाऱ्या यंत्राची काळजी करायची, याला काय म्हणावं? माझी आई म्हणायची, "डोरथीबाईंचो भुताचो अभ्यास." मुंबईच्या विद्यापीठातले मार्गदर्शकसुद्धा आईच्याच पंथाचे निघाले. त्यांनी बाईंना विचारलं, "हा प्रबंध मी कुठल्या विभागात जमा करू? असं यंत्र अजून जन्माला यायचंय." बाई म्हणाल्या, "सर, मूल जन्मायच्या आधीच पाळणा विणतात." प्रबंधाला नऊ वर्षं लागली. पण झाला.

बांद्याच्या वाचनालयातलं व्याख्यान तर विसरणं शक्य नाही. फलक लागला होता, 'यंत्राचे नैतिक दायित्व'. सभागृह गच्च! बाई हरखल्या, मीही हरखलो. एक तास बाई तळमळीने बोलल्या. प्रश्नांची वेळ आली तसे पहिल्या रांगेतले एक गृहस्थ उठले आणि हात जोडून म्हणाले, "बाई, सगळा पटला. पण ह्या यंत्र दारार बांधूचा की गळ्यात? आणि बाधा उतरतली काय?" अहो, ती सगळी मंडळी मंत्रवाल्या यंत्रासाठी आली होती! तांब्याच्या पत्र्यावर रेघोट्या मारून देतात ना, ते यंत्र. मी तोंडावर रुमाल धरला. बाईंचा चेहरा तसूभरही हलला नाही. त्या म्हणाल्या, "बाधा यंत्राची नाय लागणा. यंत्राच्या मागे जो लपून रवता, त्याची लागता." त्या गृहस्थांना ते पूर्ण पटलं. मला पटायला आणखी सहा वर्षं जावी लागली.

आता त्या सहा वर्षांनंतरचं सांगतो. १९८५च्या फेब्रुवारीत आपल्याकडे संगणक आला. मंडळी, काय तो थाट! हार घातला, नारळ वाढवला, आणि नारळाचं पाणी यंत्रात जाऊ नये म्हणून मी मध्ये आडवा झालो, तर ते माझ्या सदऱ्यावर गेलं. झाडलोट करणाऱ्या काशीबाई रोज सकाळी त्याला ओल्या फडक्याने पुसायला यायच्या आणि मी त्यांच्यामागे "काशीबाई, नको! काशीबाई, नको!" करत धावायचो. यंत्राची किल्ली माझ्याकडे. कुणी खोलीत शिरताना चपला काढल्या नाहीत तर मी असा बघायचो की तो माणूस पायसुद्धा काढून ठेवील. एवढा शिष्ट मी कधीच नव्हतो, आणि आमच्या घरचे म्हणतात की तो शिष्टपणा अजून उतरलेला नाही.

त्या जूनमध्ये मुलींच्या वसतिगृहाची यादी यंत्रावर लावायची, असा प्रस्ताव मीच मांडला. जागा तीस, अर्ज चौऱ्याऐंशी. दरवर्षी यादीवरून रुसवेफुगवे व्हायचे, अमक्याच्या भाचीला घेतलं, तमक्याच्या पुतणीला घेतलं. मी म्हटलं, यंत्राला भाची नाही, पुतणी नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकट्या बाईंनी विचारलं, "यंत्राला नाही, पण यंत्रात अर्ज भरणाऱ्याला?" मी म्हटलं, "बाई, मीच भरणार आहे." त्या म्हणाल्या, "म्हणूनच विचारलं." मला रागच आला. चार दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही.

अर्जात एक प्रश्न होता. घरून येताना खाडी ओलांडावी लागते काय? ज्या मुलीला ओलांडावी लागते तिला दहा गुण जास्त, कारण पावसाळ्यात तिला रोजचं येणं-जाणं अशक्य. उत्तर 'होय' असेल तर मी इंग्रजी वाय दाबायचं आणि 'नाही' असेल तर एन. यंत्राला मी सांगून ठेवलं होतं की वाय दिसला तर दहा गुण दे, दुसरं काहीही दिसलं तर शून्य. दुसरं काही आलं तर थांब आणि मला विचार, अशी आणखी दोन ओळींची सूचना लिहायला हवी होती. मी कंटाळा केला.

वालावलच्या एका मुलीने त्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'व्हय'. आता तुम्ही-आम्ही दुसरं काय म्हणतो? देवळात गाऱ्हाणं घातलं की सारा गाव एका सुरात तेच म्हणतो. पुण्याच्या माणसाने ते वाचलं असतं तर तो अडखळला असता, कुणाला तरी अर्थ विचारला असता आणि बरोबर बटण दाबलं असतं. मी अडखळलो नाही. मी मालवणी माणूस! मनात 'व्हय' म्हटलं आणि बोटाने व्ही दाबला. यंत्राने शून्य दिलं आणि पुढे गेलं. मीही पुढे गेलो.

यादी फलकावर लागली. दुसऱ्या दिवशी ती मुलगी माझ्या दाराशी आली. चपला बाहेर काढून आली. म्हणाली, "सर, माजा नाव नाय." मी यादी उघडायचेसुद्धा कष्ट घेतले नाहीत. खुर्चीतूनच म्हणालो, "यंत्राने लावलेली यादी आहे ती. तुझं नाव गळलं असेल." अगदी साधेपणाने तिने विचारलं, "खंय गळला, सर?" कौलातून पाणी गळावं तसं नाव खाली कुठे पडलंय काय, हेच जणू ती शोधत होती. मी हसलो. हो, हसलो. ती निघून गेली.

ही हकिगत मी शिक्षकांच्या खोलीत गंमत म्हणून सांगितली. सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्या उठल्या, माझ्याबरोबर संगणकाच्या खोलीत आल्या, चौऱ्याऐंशी अर्ज मागितले, आणि यंत्रात मी भरलेलं एकेक अक्षर अर्जाशी ताडून बघत बसल्या. अर्ध्या-पाऊण तासाने म्हणाल्या, "धुरी, हा व्ही कुणाचा?" मी म्हटलं, "यंत्राचा काहीतरी घोटाळा दिसतो." त्या म्हणाल्या, "असं? यंत्राला मालवणी कधीपासून येऊ लागली?"

वाय दाबून मी यंत्रावर यादी पुन्हा लावून पाहिली. मंडळी, ती मुलगी तीसजणींत दुसरी आली. दुसरी!

बाई शांतपणे म्हणाल्या, "धुरी, आपल्या भाषेत दोन शब्द आहेत. गळलं आणि गाळलं. यंत्र आलं की माणसं पहिलाच शब्द वापरू लागतात. माझ्या नऊ वर्षांच्या प्रबंधात एवढंच आहे. चला, यादी आत्ताच बदलू. तुम्ही प्राचार्यांना सांगा, मी सोबत येते." मी गेलो नाही. त्याच आठवड्यात विद्यापीठाची माणसं आपला संगणक बघायला यायची होती आणि मला विभागप्रमुख करायचं घाटत होतं. मी म्हटलं, यादी बदलली तर लोकांचा यंत्रावरचा विश्वास उडेल. बाई म्हणाल्या, "यंत्रावरचा?" एवढंच बोलल्या आणि गेल्या. त्या संध्याकाळी मी यादी तशीच ठेवली आणि पुढे विभागप्रमुख झालो. अप्पासाहेब, तुम्ही आज हे पहिल्यांदाच ऐकताय. उद्या सकाळी मी तुमच्या दालनात येतो, मग काय ते करा.

आता त्या मुलीचं काय झालं, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त का झालं ते ठाऊक नाही. बाईंनी तिला आपल्या घरात खोली दिली. तीन वर्षं ती तिथे राहिली, बाईंच्या ताटात जेवली, बाईंच्या दिव्याखाली शिकली. गाव म्हणालं, बाईंचं मन मोठं. ते मोठं आहेच, पण ती खोली म्हणजे उपकार नव्हता. माझी चूक बाई आपल्या घरात निस्तरत होत्या. त्यांनी तिला सांगूनही पाहिलं की यादीतच चूक होती. तिला वाटलं, बाई समजूत घालताहेत. "चूक कुणाची?" असं तिने विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "ज्याची आसा तो सांगात." आणि दर जूनला बाई मला एकदा विचारायच्या, "धुरी, सांगितलंत?" मी म्हणायचो, "सांगतो." तीन जून गेले.

गेल्या वर्षी बाईंचा निबंध परदेशी नियतकालिकात छापून आला. आज शाल-श्रीफळ त्याचंच आहे. त्यात एका शिक्षकाचा उल्लेख आहे, ज्याने आपल्या आईच्या भाषेतला होकार वाचला आणि त्यातून नकार तयार केला. त्याचं नाव दिलेलं नाही. तुमच्यापैकी काहींनी मला कौतुकाने विचारलं, "हो काय ओ, खंयचो तो गाढव?" मी प्रत्येक वेळी म्हणालो, "असेल कुणीतरी गोव्याकडचा." गोव्याच्या सर्व प्राध्यापकांची मी इथे जाहीर क्षमा मागतो.

हसा, हसा. पण मागच्या आठवड्यात जे झालं त्याने माझं हसू संपलं. माझ्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गातली सर्वांत हुशार मुलगी, आपल्या वालावलची दुर्गा परब, तिला मी एम.एस्सी.चा अर्ज दिला. तिने तो परत आणून ठेवला. म्हणाली, "नको सर. माका ठाऊक आसा, माजा नेहमी थोडा कमीच पडता. हयसुद्धा मी बाईंच्या दयेन शिकलंय." तीन वर्षं ती माझ्यासमोर पहिल्या बाकावर बसली आणि तीन वर्षं हे मनात धरून बसली. माझ्या एका बोटाने तिला ते शिकवलं.

बाई, तुम्ही सत्तावीस वर्षं विचारत आलात, दोष कुणाचा? या एका प्रकरणाचं उत्तर मी देऊ शकतो. दुर्गा, तुझं काहीही कमी पडलं नव्हतं. तीस जागांत तू दुसरी होतीस. वसतिगृहाची ती खोली तुझ्या हक्काची होती.

आता आभार. अध्यक्षांनी सात मिनिटांची वीस होऊ दिली, माईकवाल्या बाळाने मध्येच माईक बंद केला नाही, आणि वड्यांनी थंड होऊनही तक्रार केली नाही, या सर्वांचा मी ऋणी आहे. बाई, तुमचे आभार मानायची माझी अजून लायकी नाही, उद्या अप्पासाहेबांच्या दालनातून बाहेर आलो की प्रयत्न करीन.

शेवटी वक्त्याने म्हणायचं असतं, बोलण्यात काही उणंअधिक झालं असल्यास सभेने पोटात घालावं. हे मी आजवर पन्नास वेळा म्हटलं असेन. त्यात 'झालं' आहे, आणि वर 'असल्यास'ही आहे, मी मात्र त्यात कुठेच नाही. म्हणून आज सभेची नाही, एकाच माणसाची क्षमा मागतो.

दुर्गा, तुजा नाव मी गाळलंय. माका माफ कर.