तुरीच्या मागं माही लाखोरी

तूर पडली, तं माही लाखोरी काऊन पडली? सांगा ना! तुमी एवढे सारे इथी बसले, शिकलेसवरले दिसता, मले चौथीच्या पुढं जाऊ नाई देल्लं, म्हनून तुमालेच इचारतो. तूर असते धुऱ्यावर, वावराच्या कडेले, ताठ, मानसाच्या डोक्याच्या वर, वाऱ्यावर शेंगा खुळखुळवत, जशी काय पाटलाची सून पैंजन वाजवून राह्यली. आन् माही लाखोरी खाली बांधीत, धानाच्या खाचरात, भुईले चिकटून, शेळीनं तोंड लावलं तरी कायी न बोलनारी. दोघी एका वावरात राहून एकमेकीचं तोंड पाहत नाई, आन् भाव पडाची पाळी आली का दोघी संगंच पडते? ही कोनती रीत?

तुमाले सांगतो... ज्याले लाखोरी माहीत नाई त्याच्यासाठी सांगतो, बाकीच्यांनी तवरिक पानी पेऊन घ्या. ही आमच्या धानपट्ट्यातली डाळ. दिवाळीच्या सुमाराले धान उभंच असते, बांधीत वल असते, तवाच मुठीनं फेकून देयाची. झालं! ना नांगर, ना खत, ना फवारा. धान कापून नेलं का धसकटातून ही आपली आपन वर येते, निळी-निळी फुलं, माघ-फागनात शेंगा. इतकी गुनाची पोर दुसरी नाई. आन् आमच्या घरी रीत अशी, का धानाचे पैसे मानसाचे, लाखोरीचे बाईचे. धान मोजताना मी तोंड उघडत नाई, लाखोरी मोजताना माह्या पोरीच्या, दिव्यानीच्या बापानं उघडाचं नाई. त्याच्यावरच तं एकतीस साल संसार चालला!

तं गेल्या साली लाखोरी झाली तीन कट्टे. गच्च, तोंड शिवता येत नव्हतं इतके. आन् मी ठरवलं, औंदा कूलर घ्याचाच. तुमी ब्रह्मपुरीकडचा उन्हाळा पाह्यला का? नसन पाह्यला तं देवाचे उपकार माना. दुपारी पंखा लावला तं तो गरमच हवा घेते आन् पंगतीत वाढल्यासारखी सगळ्याले सारखी वाढते. दिव्यानीच्या बापाले म्हनलं, तं म्हने, "माह्या बापानं कधी कूलर पाह्यला का?" म्हनलं, तुमच्या बापाच्या टाइमाले घराच्या मांगं जंगल होतं, आता हाय का? मी ब्रह्मपुरीले जाऊन दुकानात हात लावून पाहून आली, लोखंडी, मोठा, गवताच्या ताट्यावाला. साडेपाच हजार. हिशोब जमला होता ना! तीन कट्टे लाखोरी, एक कूलर, वरून एक लुगडं.

आन् आला प्रफुल. प्रफुल म्हनजे बाजूच्या गावचा, टेम्पो हाय त्याचा, गावोगाव माल उचलते आन् ब्रह्मपुरीच्या अडत्याले नेऊन टाकते. चांगला हाय पोट्टा, दोन लेकराचा बाप झाला, पन मले अजून काकू म्हन्ते आन् काटा नीट लावते. कट्ट्यात हात घातला, दाने तळहातावर घेतले, फुंकले, आन् तोंड असं केलं, जसं कोनाच्या मयतीले आला. "काकू, भाव नाई."

"काऊन नाई?"

"तूर पडली ना काकू."

तूर पडली, तं माही लाखोरी काऊन पडली? मी त्याले तिथीच इचारलं. अंगनात, सगळ्या गल्लीच्या समोर. तं तो म्हने, "काकू, तूर सस्ती असली तं लाखोरी कोन खाते? तूर महागली, हरभरा महागला, का लोकं लाखोरी मांगते. भजेवाले बी बेसनात..." आन् जीभ चावली त्यानं. म्हनलं, बोल ना बोल, बेसनात काय? "कायी नाई काकू." मले काय समजत नाई? म्हनजे तूर थोरली सून, हरभरा मधली, आन् माही लाखोरी धाकटी. थोरली घरात नांदते तवर धाकटीले कोनी नावानं हाक मारत नाई. थोरली रुसून माहेरी गेली, का मंग सगळ्याले आठवते, अवो धाकटी, ये ना वो, तुह्या हाताले किती चव हाय!

बरं, म्हनलं, थोरली काऊन पडली? तं म्हने, जहाज आलं. म्हनलं, कुठी? वैनगंगेत? "नाई वो काकू, मुंबईकडं. आफ्रिकेतली तूर आली, भरभरून. म्हनून अकोल्याची पडली, अकोल्याची पडली म्हनून नागपूरची पडली, नागपूरनं फोन केला तं ब्रह्मपुरीच्या शेठनं मले सांगतलं, आन् मी तुमाले सांगून राह्यलो." म्हनजे पाहा! समुद्रात जहाज हाललं, आन् त्याच्या लाटीनं माह्या अंगनातला कूलर वाहून गेला! मी तं त्या रात्री त्या आफ्रिकेच्या बाईचाच इचार केला. ती बी असन कुठी धुऱ्यावर बसून. तिले बी कोनी टेम्पोवाला सांगत असन, काकू, भाव नाई, तिकडं चंद्रपूरले बक्कळ पिकली. तिले कोन सांगन, का बाई, मी नाई वो पाडला तुहा भाव, मले तं कूलर पाहिजे फक्त!

अजून एक म्हने प्रफुल, "काकू, लाखोरी खाल्ली का पाय लुळे पडते म्हन्ते लोकं." म्हनलं, दोन्ही टाइम तेच खाईन आन् दुसरं कायीच नाई खाईन, तं पडन बी पाय. पन भाव पाडाच्या टाइमालेच कशे रे तुमाले लोकायचे पाय आठवते? घे तुहा काटा आन् जाय.

नाई देल्ली. ठेवली. म्हनलं, रुसू दे थोरलीले, मंग पाहू.

आन् इथून पुढं माही जी गत झाली! मी जन्मात कधी तूर विकली नाई, धुऱ्यावरची घरच्या वरनालेच पुरते. पन सकाळी उठली का पयला सवाल, तूर कशी हाय? दिव्यानीले फोन लावला तं जावई उचलते, "आई, तब्बेत कशी हाय?" म्हनलं, माही सोडा, तुमच्या यवतमाळकडं तूर कशी हाय? बातम्यात कुठी वादळ झालं का मी कान टवकारतो. जहाजाच्या वाटेत असन का हे? दिव्यानीचा बाप म्हने, "लोकं पोरीची वाट पाहते, तू तुरीची पाहून राह्यली."

चैत लागला, पारा बेचाळीस. प्रफुल आला, "काकू, तूर अजून तिथीच." वैशाख लागला, पंचेचाळीस. रस्त्यावर कुत्रं दिसत नाई. प्रफुल आला, "काकू, शंभर चढली." आन् तिकडं कूलर? तिकडं गेली तं दुकानवाला म्हने, "ताई, आता सात हजार." म्हनलं, काऊन रे, कूलरचं बी जहाज हाय का? "नाई ताई, ऊन वाढलं." म्हनजे थोरलीच्या मांगं माही लाखोरी, आन् उन्हाच्या मांगं त्याचा कूलर! तो वर जाते ढांगा टाकत, ही वर जाते रांगत. मी मधात उभी, घामानं निथळत.

आन् मंग एका बुधवारी फोन आला. प्रफुलचा आवाजच वेगळा. "काकू! तूर भडकली! जहाज नाई आलं! क्विंटलले बावन्नशे देतो लाखोरीले, शनिवारी टेम्पो आनतो, कोनाले देऊ नका!" मी तं फोन ठेवून कट्ट्यावर हात फिरवला, तीनही कट्ट्यावर, जसं लेकराच्या पाठीवर फिरवते तसं. कूलर कुठी ठेवाचा ते खडूनं भिंतीवर आखलं बी.

गुरुवारी सकाळी आली इतवारीबाई. शेजारीन, सासूच्या वयाची, माह्या दोन्ही बाळंतपनाले उभी होती. "चंदा, पोराच्या सासरचे पाव्हने आले वो. तूर घ्याले गेली दुकानात तं भाव आयकून चपला तिथीच इसरून आली. दोन पायली लाखोरी दे, वडे घालतो." आता लाखोरीले आमच्याकडं पैसे घेत नाई. धान इकत, मिरची इकत, पन लाखोरी उसनी. पायलीनं पायली, पुढच्या साली परत. कोनाच्या बापानं काढली ही रीत, त्याले मी शोधून राह्यली. नाई कसं म्हनाचं? देल्ली.

तिच्या वड्याचा वास गेला गल्लीभर. झालं! दुपारी एक, संध्याकाळी तिघी, एक कट्टा तिथीच रिकामा. सगळ्यायचं एकच रडगानं, "तूर परवडत नाई वो बाई!" आरे, मीच तं देवाजवळ मांगत होती, का तूर महाग होऊ दे आन् लोकं लाखोरी मांगू दे! देवानं आयकलं. पन देवाले हे कोनं सांगावं, का मांगाले ब्रह्मपुरीच्या शेठले धाड, माह्या दारात नको!

आन् शुक्रवारी आली नणंद. उर्वशी. तिच्या पोराचं, विक्कीचं लग्न रविवारी, सातशे पान. "वहिनी, केटरर म्हने तुरीचं वरन परवडत नाई. लाखोरीचं वरन आन् वडे करतो. आपलंच घर हाय ना वो... दोन कट्टे." दोन कट्टे! मी दिव्यानीच्या बापाकडं पाह्यलं. तो मानूस एकतीस साल लाखोरीच्या बाबतीत बोलला नाई. त्या दिवशी बोलला. काय बोलला? "उचलू लागतो ना बाई, कुठी ठेवू?"

शनिवारी प्रफुल टेम्पो घेऊन दारात. "काकू, माल?"

म्हनलं, माल गावाच्या पोटात.

"अवो पन बावन्नशे..."

म्हनलं, प्रफुल, तुह्या शेठले सांग, तूर चढली तं लाखोरी बी चढली, बरोबर हाय त्याचं. पन चढून ती ब्रह्मपुरीले नाई गेली, उर्वशीच्या मांडवात गेली.

आता खोटं काऊन बोलू, त्या लग्नात मजा आली. मांडवात भाड्याचे चार कूलर, हत्तीएवढे. मी एका कूलरच्या समोर खुर्ची टाकली ते पाय नाई हालवला. वरमाय बोलवते, "वहिनी, हळद..." म्हनलं, इथी आना हळद. केस उडून राह्यले, पदर उडून राह्यला, हातात माह्याच लाखोरीचे वडे, कुरकुरीत, लसन-मिरचीवाले, आन् पंगतीतले लोकं म्हनून राह्यले, "वडे कोनाच्या घरचे वो? अशे वडे दहा सालात नाई खाल्ले!" चार घंटे हवा खाल्ली. जिंदगीत इतकी महाग हवा कोनी खाल्ली नसन, पन थंड होती बाई, थंड होती.

आन् औंदा फागनात लोकायनं उसनं परत केलं. तेबी कसं? इमानदारीनं! पायलीवर शीग लावून, वरून मूठभर जास्तीची. इतवारीबाई आली, त्या चौघी आल्या, उर्वशीनं बैलगाडी धाडली. घरात माही औंदाची तीन कट्टे, परतीची सव्वातीन. पाय ठेवाले जागा नाई. खाटेवर लाखोरी, खाटेखाली आमी. एवढीत तं दोन कूलर येतीन!

फोन नाई करा लागला, परवा प्रफुल स्वतःच आला. दारात उभा राहून सगळे कट्टे मोजले, आन् तोंड केलं तसंच. मयतीवालं.

"बोल," म्हनलं, "बोलून टाक."

"काकू... जहाज आलं. आन् सगळ्याच गावात लाखोरी चांगली झाली औंदा."

म्हनजे नेली तवा महाग होती, आनून देल्ली तवा सस्ती! मापात एक दाना कमी नाई, कोनाशी भांडाची सोय नाई! तूर पडली, तं... जाऊ द्या. मी त्याले म्हनलं, बस. रात्रीची डाळ भिजली होती, पाट्यावर वाटली, वडे काढले. खाल्ले त्यानं. एक नाई, दोन नाई, अकरा! बोटं चाटून म्हन्ते, "काकू, लाखोरी इकूच नका तुमी. वडे इका ना! मंगळवारच्या बाजारात बसा, महिन्यात कूलर येते."

म्हनलं, शाना हायेस, पन तुह्या आंधी मलेबी सुचलं होतं ते. काल दुकानात गेली तेलाचा भाव इचाराले. भडकलं तेल.

"हो ना काकू," तो म्हने, "तेलाचं असं झालं, का तिकडून जे जहाज येनार होतं..."

म्हनलं, चूप! गरम हाय तवर वडा खा.