उंबऱ्यातलं टेबल

शिवांजली दहावीला गणितात पास झाली, मंडळी… कोण म्हणालं? मी? छे. परीक्षा अजून दोन महिन्यांवर आहे अन् पोरीला चाचणीत अकरा मार्क पडलेत. तिथनंच धरू या.

प्रश्न साधा आहे. वाढत्या वयाचं लेकरू घडतं कशानं? घरात माणसं किती, यानं? की आणखी कशानं? — मृदंग नको बुवा आत्ता, उत्तर सापडायचंय अजून.

तर ऐका. जालिंदर आणि तानाजी, सख्खे भाऊ. एका घरात नऊ माणसं. दिवाळीनंतर वाटणी झाली — इतकी चोख, की मिक्सरचं भांडं थोरल्याकडं गेलं अन् मोटर धाकट्याकडं! चटणी दोन्हीकडं बंद, पण न्याय झाला. धाकट्या तानाजीनं लेकीला, म्हणजे शिवांजलीला, बजावलं की मधला दरवाजा ओलांडायचा नाही. सोमवारी तिथं भिंत येणार.

आता शिवांजलीचं कसं, की ती गणित सोडवायची थोरल्या घरच्या, जालिंदरच्या बायकोसमोर, म्हणजे सुंदरकाकूसमोर, मोठ्यानं बोलत. काकू चौथी शिकलेली. वाटाणे सोलत एवढंच विचारायची, "मग पुढं काय?" सांगता सांगता पोरगी आपली चूक आपणच पकडायची. तेव्हा मार्क सत्तर. वाटणीनंतर अकरा. बापानं शिकवणी लावली; तिथं सर बोलायचे, पोरगी गप्प.

सोमवारी गवंडी आला. बघतो तर मधल्या दरवाजाच्या उंबऱ्यात टेबल, टेबलाशी शिवांजली. त्यानं टेप लावून माप घेतलं अन् तानाजीला शांतपणे विचारलं, "पोरगी भिंतीत धरायची का वगळायची?"

तानाजी लेकीवर खेकसला, की काकूला गणितातलं ओ की ठो कळत नाही, तिच्याकडं काय ठेवलंय?

"ती ऐकती, पप्पा," शिवांजली म्हणाली. "वाटणीत तुम्ही सगळं विचारलं. भांडं कुणाचं, म्हैस कुणाची. मी कुणाची, ते मला विचारलंच नाही."

 तानाजी गवंड्याला म्हणाला, "विटा परत ने." आतून खुर्ची आणली, लेकीसमोर बसला. "सांग. काय असतंय ते."

पलीकडनं काकू वाटाण्याची पाटी घेऊन आली अन् तीही बसली.

हसताय? तुमच्या घरात दहा माणसं असोत, नाहीतर एकटी आई — लेकराचं वाक्य मधे न तोडता शेवटपर्यंत कधी ऐकलंत? आठवा. मी थांबतो.

…आठवत नाही ना? सबब, मा. शिक्षण खात्यास या कीर्तनातून विनंती अर्ज, की दहावीच्या फॉर्मवर पालकाची सही घेण्याआधी त्याची पंधरा मिनिटं गप्प बसण्याची तोंडी परीक्षा घेण्यात यावी, नापासांना ऑक्टोबरात पुन्हा बसू द्यावे, व निकालाची एक प्रत लेकराकडे माहितीस्तव पाठवावी.