सुभाषिणीचं आजोबांकडे गाऱ्हाणं

केरळात मलनडच्या टेकडीवरच्या देवळातला देव म्हणजे दुर्योधन; त्याला सगळे आप्पूप्पन, म्हणजे आजोबा, म्हणतात. नैवेद्याला ताडीची बाटली घेऊन विलासिनी रांगेत उभी राहिली, तर पुढेच तिची चुलत जाऊ सुभाषिणी, काखेत नवसाचा कोंबडा धरून मैत्रिणीशी बोलण्यात रंगलेली.

"नवऱ्याचे पाच चुलतभाऊ गं. आमच्या अंगणातून वाट मागतायत."

"मग दे की. त्यांच्या दारापर्यंत रिक्षा तरी जाईल."

"सुईच्या टोकाएवढी जागा देणार नाही. म्हणून तर आप्पूप्पनकडे आले. चुलतभावांचा जाच त्याच्याइतका कोणाला कळणार?"

"पण तो हरला ना?"

"हरलेल्यालाच विचारावं. कुठं चुकलं ते त्यालाच ठाऊक असतं."

"त्याच्या पाठीशी नव्व्याण्णव भाऊ होते. तुझ्या पाठीशी कोण?"

"सासूबाई."

"त्या तर टीव्हीवरून नजर काढत नाहीत."

"त्याची आई तरी कुठं डोळ्यांवरची पट्टी सोडत होती?"

"आणि भावजयीला भर सभेत ओढत आणवलं, ते?"

"ते वाईटच. तेवढं मी करणार नाही."

पाचांतल्या थोरल्याची बायको म्हणजे ही विलासिनीच. हसू दाबता दाबता तिला ठसका लागला. सुभाषिणी वळली आणि तिचा चेहरा उतरला.

"तू? इथं?"

"त्याच कामाला आले, चेची," विलासिनी थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाली. "म्हटलं, आजोबा दोन्हीकडचं ऐकतील."

"मी तर पहिल्या बसनं आले. तुला ती बस सापडली कशी? तुमच्या घरून स्टॉपवर यायला केवढा वळसा पडतो."

"आज नाही पडला. तुम्ही बाहेर पडलात, तशी मी तुमच्या अंगणातून आले."