खुर्ची मी झाडली नाही

नाही ठेवला! एकानंही विश्वास ठेवला नाही हो माझ्यावर! लग्न होऊन आले तेव्हापासून या घराचा केर मी काढते, आजवर साधी टाचणी माझ्या हातून केरात गेली नाही, आणि यांचं म्हणणं काय, तर मी खुर्ची झाडली! खुर्ची! आता तुम्ही म्हणाल, बाई, खुर्ची केरात जाते कशी, घरात झाडू आहे का जेसीबी? तेच तर सांगतेय ना, पण ऐकून कोण घेतंय, 'खुर्ची हरवली' म्हटलं की माणसं आधी हसून घेतात... अहो, करंगळीच्या दोन पेरांएवढी खुर्ची. विमानातली. खेळण्यातल्या विमा... थांबा, 'खेळणं' म्हणायचं नाही! आमच्या घरात त्या शब्दाला बंदी आहे. 'मॉडेल' म्हणायचं. तर त्या मॉडेलमधली, पायलट बसतो ती खुर्ची. ती मी झाडली नाही. नाही म्हणजे नाही!

तुम्हाला मुळापासून सांगते. आमचे हे नाशिक रोडला नोटांच्या प्रेसमध्ये. काम काय, तर चुका काढणं! छापून आलेला कागद डोळ्याला लावायचा आणि कुठं रेघ पुसट झाली, कुठं शाई फुटली, ते शोधायचं. सरकार पगार देतं त्याचा. बरं, माणसानं ते तिथंच ठेवून यावं की नाही? कसलं! घरी आले की पोळी उजेडात धरून बघतात. 'कड जराशी जाड आहे गं.' अहो, पोळी आहे ती, चलनात आणायचीय का?

आणि सुट्टीच्या दिवशी विमानं! प्लॅस्टिकचं विमान खोक्यात सुटं-सुटं येतं, हे ते जोडतात, रंगवतात आणि काचेच्या कपाटात ठेवतात. त्या कपाटात माझ्या लग्नातला कपबशांचा सेट होता. तो आता माळ्यावर आहे. पण जोडणं नंतर, आधी तपासणं! त्यासाठी यांचे एक जोडीदार येतात, गोटीराम भाऊजी. ओझरला विमानाच्या कारखान्यात त्यांचा जन्म गेला, आता रिटायर. हे दोघं ते खोकं मधे ठेवून बसतात, झाकण उघडतात आणि आधी वास घेतात. हापूस आंब्याचाही कुणी इतका घेत नसेल! मग त्या काड्यांच्या सांगाड्याला, दोडक्याच्या वेलाला कळ्या लागाव्यात तसे तुकडे लटकलेले असतात, ते पट्टी लावून मोजायचे, भिंग लावून बघायचे, डिंक न लावता नुसती चिकटपट्टी मारून जुळवायचे...

'नाक बघ, वाल्मीक.'

'बसकं आहे रे.'

'आणि पंखावरच्या रेषा?'

'उठावाच्या आहेत. कोरलेल्या पाहिजेत.'

'काच?'

'जाड. आतला माणूस दिसायचा नाही.'

मी आतून ऐकत असते, आणि तुम्हाला खरं सांगते, माझ्या सुवर्णाला बघायला असली माणसं आली ना, तर उलथनं घेऊनच बाहेर येईन मी!

बरं, एवढी नावं ठेवून परत करतील? नाही! ठेवून घेतात, आणि त्याला वरून दागिने मागवतात. खोक्यात चाकं असतात, तरी चाकं वेगळी. नाकापुढची सुई असते, तरी सुई वेगळी, पितळेची. पाण्यात भिजवून चिकटवायचे नंबर असतात, तरी ते दुसऱ्या कंपनीचे. खुर्ची असते हो आत! तरी खुर्ची वेगळी! मी एकदा म्हटलं, 'अहो, देवानं दिलेली खुर्ची आहे ना त्यात?' तर सुवर्णा, माझ्या पोटची पोर, मला म्हणते, 'आई, साडीत ब्लाऊजपीस असतो तरी तू मॅचिंग सेंटरला जातेसच ना?' कुकरची शिट्टी झाली म्हणून मी आत गेले. झाली नव्हती.

आणि नुसत्या चुका काढून गप्प बसतात का? लिहितात! हे मराठीत सांगणार, सुवर्णा जेलरोडच्या सायबर कॅफेत जाऊन इंग्रजीत टाकणार, आणि ते सगळ्या जगात दिसणार म्हणे. तर कुठल्याशा थंड देशातला एक माणूस अशी चाकं नि खुर्च्या बनवून विकतो. त्याच्या चाकाबद्दल यांनी लिहिलं, 'चाक पूर्ण गोल नाही, एका बाजूला चपटं आहे.' मला वाटलं, आता शिव्या येतील. तर त्याचं उत्तर काय? 'साहेब, तुमचं बरोबर आहे. आता मी मिग विमानाची खुर्ची काढलीय. बाजारात आणायच्या आधी तुम्हीच तपासा. येत्या सोमवारच्या आत फोटोसकट लिहा, पास झाली तर खोक्यावर तुमचं नाव छापतो.'

खोक्यावर नाव! अहो, या माणसानं आयुष्यभर सरकारी कागद तपासले, त्यावर कधी याचं नाव येणार होतं का? प्रेसमध्ये सांगितलं, भाजीवाल्याला सांगितलं, माझ्या माहेरी मखमलाबादला फोन करून सांगितलं, तिथं माझा भाऊ झेंडू तोडायचा थांबून ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, 'दाजी, पण विमान कुठंय?' मी हसले. पण खोटं कशाला बोलू, आतून मलाही बरं वाटलं होतं.

आणि पार्सल आलं कधी, तर नेमकं देव बसायच्या दिवशी! मार्गशीर्षातले आमचे खंडोबाचे देव हो, चंपाषष्ठीपर्यंत बसतात. घरात माझी पुरणाची गडबड, आमच्या सासूबाई, आक्काबाई, देवघरासमोर मांडी घालून देवांचे चांदीचे टाक घासतायत. देवघर हे त्यांचं खातं, तिथं मी हात लावायचा नाही, मोतीबिंदू आहे पण अंदाजानं सगळं करतात. हे पार्सल फोडतात तोच आक्का म्हणाल्या, 'वाल्मीका, नवी वस्तू हाय ना? आधी देवापुढं ठेव.' आमच्यात तसंच आहे, मळ्यातला पहिला झेंडू देवापुढं, पोरीचा निकाल देवापुढं, नवा मिक्सर देवापुढं. यांनी ठेवलं. डबी उघडून ठेवली, देवाला नीट दिसावं म्हणून! तेवढ्यात गोटीराम भाऊजींचा फोन. हे फोनवर. बोलणं झालं, आले, आत न बघताच डबी मिटून उचलली, कपाटात टाकली, नमस्कार केला, झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबी उघडतात, तर पितळेचा बारका पत्रा आहे, माहितीचा कागद आहे, खुर्ची नाही!

आणि पहिला शब्द तोंडातून काय? 'तू झाडलंस ना इथं?'

अहो, झाडलं! रोज झाडते! झाडणारच! पण खुर्ची मी झाडली नाही!

ऐकताय कुणी? केराचा डबा पालथा केला. पिठाच्या चाळणीनं केर चाळला, माझ्या पिठाच्या! केस निघाले, मिरीचा दाणा निघाला, मागच्या दिवाळीत हरवलेली माझ्या कानातल्याची फिरकी निघाली. ती सापडली म्हणून कुणी मला शाबासकी दिली? उलट हे म्हणाले, 'बघ! म्हणजे जातं तुझ्या केरात.' तेवढ्यात खाली घंटागाडी वाजत निघाली. यांना आठवलं, कालचा केर मघाशीच त्या गाडीत गेला! हे पायजम्यावर, एका पायात स्लीपर, एका पायात माझी चप्पल, घंटागाडीच्या मागे! ती घंटा वाजवतेय, हे हात हलवतायत, गाडीवाल्याला वाटलं केर द्यायला येतायत, तो ओरडला, 'काका, उद्या टाका!' चौकात गाठली.

'काय गेलं साहेब? सोनं?'

'खुर्ची.'

गाडीवाल्यानं एकदा गाडीत बघितलं, एकदा यांच्या पायांकडं बघितलं आणि बिचारा इतक्या मायेनं म्हणाला, 'काका, घरचं कुणी आहे का बरोबर?'

घरी आले ते बोलणं बंद. माझ्याशी! आणि केरसुणी कपाटात घालून वर कुलूप! अहो, लक्ष्मी आहे ती, लक्ष्मीला कुलूप घालता? सुवर्णा म्हणते, 'आई, तू सांगून टाक ना चुकून गेली म्हणून, बाबा विसरतील.' का म्हणून सांगू? गोटीराम भाऊजी तर शहाणे, मला बाजूला घेऊन म्हणतात, 'वहिनी, होतं असं. आमच्या हिनं एक अख्खा पंख झाडला होता.' तुमच्या हिनं झाडला असेल! मी झाडली नाही! आणि आक्का? त्या माळ ओवता-ओवता म्हणतात, 'सिंधे, तुझा हात झाडूवर लय जड हाय हां, मी पयल्यापासून बघते.' मोतीबिंदू झालेल्या बाईनं बघितलं! आणि आक्कांना विचारावं, तुम्ही काही उचललं का, हे कुणाच्या डोक्यात नाही. 'आक्काला काय दिसतंय?' झालं! दिसत नाही म्हणून त्या सुटल्या, आणि मला दोन्ही डोळ्यांनी दिसतं म्हणून मी चोर!

पण तुम्हाला सांगते, रागापेक्षा वाईट वाटायचं ते दुसऱ्याच गोष्टीचं. संध्याकाळी हा माणूस ते बिनखुर्चीचं मिग समोर घेऊन बसायचा. भिंग लावायचा नाही, चुका काढायचा नाही. एक दिवस मी मुद्दाम जाड कडेची पोळी वाढली. गुपचूप खाल्ली! म्हटलं, आता हा माणूस गेला कामातून.

रविवार उजाडला. सोमवारच्या आत लिहायचं, गोटीराम भाऊजी जावयाचा डिजिटल कॅमेरा घेऊन यायचे होते, ते काय, माझा फोटो काढणार? मी चहा टाकला. आक्का देवाला माळ घालत होत्या आणि आपल्याशीच बोलत होत्या, 'औंदा कसं ऐटीत बसल्यात माझं देव. दरसाली लवंडतात, सुपारीचा टेकू द्यावा लागतो. औंदा हालले बी नाय.'

माझ्या हातातली सांडशी तशीच राहिली. म्हटलं, 'आक्का, का हो नाही हलले?'

'शिंव्हासन हाय ना! वाल्मीकानं आणलं न्हवं का देवाला? त्यानंच तर पुढं ठेवलं.'

मी गेले. देवघराला हात लावायचा नाही, नाही लावला, नुसती फुलं बाजूला केली. आणि बघते तर काय... झेंडूच्या माळांच्या मागं, भंडाऱ्यानं पिवळे झालेले, कपाळी कुंकू, आमचे खंडेराव, विमानाच्या खुर्चीत! असे पाठ टेकून! बाजूला पायलटचे पट्टे, डोक्यामागं ती खुर्चीची टोपी, आक्कांनी तिला छत्री समजून वर एक बेलाचं पान ठेवलेलं! आता उडतायत की मग उडतायत!

मी ओरडले ते खालच्या मजल्यावर ऐकू गेलं. 'बघा! बघा म्हणते! खुर्ची मी झाडली होती का?'

हे धावत आले, खाली वाकून बघितलं, डोळ्यांत पाणी आलं यांच्या, आणि हात घातला... तर आक्का कडाडल्या, 'खबरदार! देव बसल्यात! चंपाषष्ठीच्या आत हलवायचं नाय!'

'आक्का, अगं उद्याच्या आत लिहायचंय मला, ती विमानाची आहे!'

'आधी देवाला दिली, आता इमानाला काढून घेतो? तुझ्या बापानं कधी देवाचं परत घेतलं न्हवतं.'

यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, मला काय विचारता? मी तर झाडणारी बाई!

त्यात आले गोटीराम भाऊजी. काय झालं ते ऐकलं, चपला काढल्या, देवाला नमस्कार केला, आणि खिशातून भिंग काढलं. खुर्चीच्या चारी बाजूंनी फिरवलं. मग म्हणाले, 'वाल्मीक... बसतंय रे.'

'काय?'

'माप. टाक बरोबर मापाचा आहे. पाठीचा कोन बघ. खांदे बघ. कुठं फट नाही.'

आणि हे लगेच गुडघ्यावर! 'काचेखाली डोकं बसेल?' 'छत्रीसकट बसेल.' 'पट्ट्यांची कोरीव रेघ?' 'भंडारा भरल्यामुळं उलट उठून दिसतेय!' दोन म्हातारे देवघरासमोर लोटांगण घालून खंडोबाची तपासणी करतायत, आणि आक्का मागून कौतुकानं सुवर्णाला म्हणतायत, 'बघ, बापाची कशी भक्ती हाय.'

तिथंच फोटो काढला. उदबत्तीच्या धुरासकट. सुवर्णानं जाऊन पाठवला, खाली लिहिलं, खुर्ची पास.

उत्तर आलं. नाव छापतो म्हणाला, आणि छापलंही हो, खोक्याचा फोटो आलाय, वाल्मीक, नाशिक, इंडिया. पण पत्रात खाली अजून एक ओळ होती. सुवर्णानं वाचली आणि हसू आवरेना तिला. 'खुर्ची ठीक आहे, पण तुमचा पायलट अप्रतिम आहे. कुठल्या कंपनीचा? मला मिळेल का?'

चंपाषष्ठी झाली, भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला, देव उठले. खुर्ची उठली नाही. आक्का देईनात. मिग काचेच्या कपाटात तसंच उभं आहे, आतून रिकामं; खोक्यातली खुर्ची यांना चालत नाही. आणि मला 'चुकलं माझं' म्हणाले का कुणी? नाव नको! केरसुणीचं कुलूप काढलं आणि म्हणाले, 'जपून झाड.' बस!

आता पाहुणे येतात, कपाट बघतात, हमखास विचारतात, एवढं सुंदर विमान, मग खुर्ची कुणी घालवली? हे तोंड उघडतात, मी नुसती बघते, तोंड मिटतात. स्वतःचं नाव हे घेणार नाहीत. या वयात आक्कांना कोण बोलणार? आणि मी तर झाडलीच नाही! मग आम्ही तिघंही देवघराकडं हात करतो, आणि एका सुरात सांगतो: खंडेराव.