एन आर म्हंजे नंतर

— आत कुठं निघालात, सोपानराव? बसा हितंच, गेटच्या बाकड्यावर. पानी घ्या. आज सोमवार, तुमी येनार हे ठावं होतं मला — सात म्हयनं झालं, एक सोमवार चुकला न्हाई तुमचा, मोशीहून बसनं चाकणला, नोकरीची तीच फाईल काखेत. त्या फाईलीचंच बोलायचं हाय. तिच्यावर ऑफिसवाल्यांनी लिव्हलेली ती लाल अक्षरं, एन आर. म्या वॉचमन मानूस, शाळा बघितली न्हाई. पयल्या दिवशी ऑफिसातल्या सलिलला इचारलं, भावा, हे काय लिव्हलंय? त्यो हसला, म्हनला, काका, एन आर म्हंजे नंतर. नं-तर! मला पटलं. तुमाला बी पटलं, न्हवं? म्हनून तर येत राह्यलात.

तर तसं न्हाई ते. नॉट रिलेव्हंट, असं असतंय. भरती बघनाऱ्या अनुया मॅडमनी समजावलं — मानूस वाईट असं न्हाई त्यात, म्हनल्या, हुशार बी असंल, पन आपल्या कामाशी त्याचा संबंध न्हाई. आता तुमी वीस वर्सं प्रेसवर पत्रा दाबला, आन् हितं बनत्यात गाड्यांच्या बॅटऱ्या. हाय का संबंध? न्हाई. शिवी न्हाई, वरडा न्हाई, दोन अक्षरं — लई सभ्य भाषा, राव.

कवा समजावलं? ... झालं की — दिवाळीच्या आदी. व्हय, भोसरीच्या कँटीनचं काम तुमी दिवाळीनंतर नाकारलं, ध्यानात हाय माझ्या. म्याच म्हनलं होतं, थांबा, आज न्हाई तर उद्या बोलवत्याल. काय करू मग? बारा तास हितं एकटा. गाडीवाले नुसतं हॉर्न देत्यात. सोमवारी तुमी यायचा, साधनावैनींची भाकर अर्धी मोडून द्यायचा, पोरीच्या दहावीचं सांगायचा — बरं वाटायचं. काम लागलं असतं तर तुमी कशाला आला असता?

रडू नका हितं, वर कॅमेरा हाय. सकाळी मॅडमनी त्याच्यात बघूनच इचारलं — काका, दर सोमवारी तुमच्याजवळ कोन बसतंय? म्या म्हनलं, कुनी न्हाई, मॅडम. रिलेव्हंट न्हाई ते. लई हसल्या. म्हनल्या, काका, अगदी बरोबर वापरलात शब्द.

असं काय बघताय? उठा. बाकडं सरकवायचंय, कंटेनर आलाय.