गिराण सुटला काय?

पार्ल्याच्या टूरवाल्याकडे आपला नंबर कधी लागतो म्हणून सई मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. शेजारच्या खुर्च्यांवर म्हातारे बहीणभाऊ बोलत होते.

"ताई, खग्रास ग्रहण आहे! इजिप्तमध्ये भर दुपारी काळोख होणार. चल ना गं."

"त्या दिवशी मुंबईतही थोडं लागणार, चंद्रू. घरी आईला उत्तर कोण देणार?"

"आई जाऊन किती वर्षं झाली!"

"म्हणून विचारायची थांबली काय? तुझ्या वेळी पोटुशी असताना ग्रहण पाळायला आतल्या खोलीत बसली होती ना, तशीच अजून आतून विचारते, ‘गिराण सुटला काय गो?’"

"आणि तू काय करतेस?"

"दाराला बाहेरून कडी घालते आणि ‘नाय अजून’ म्हणते."

"सुटलं म्हणून सांगून टाक ना एकदाचं!"

"सांगितलं की मागच्या ग्रहणाला."

"मग?"

"म्हणाली, ‘मगे भायर येव?’"

सईने मोबाइल हळूच पालथा ठेवला.

काउंटरवरच्या मुलीने हाक मारली, "काका, दोनच सीट ना?"

"दोनच," काका म्हणाले. "आणि परतीचं तिकीट आत्ता नको."