स्टुलाची खालची बाजू

खस्स-खस्स, खस्स-खस्स — असा आवाज, फादर. रंध्याचा नव्हे. रंधा सर्रकन जातो आणि थांबतो. हा काचपेपरचा. भर दुपारी, भिंतीपलीकडून, किती तरी वेळ. मी सात वर्षांचा, भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतलेलं. आता त्र्याहत्तर चालू आहे, आणि अजून मनात येतं, की स्टूल तर सकाळीच पुरं झालं होतं, मग माझा बाप घासत काय बसला होता? — बसा ना, त्याच्यावरच बसा, तेच ते. थांबा, पायानं सरकवतो. हात नाही लावत मी त्याला, सवयच तशी. डगमगत नाही हो, बसा. इतक्या वर्षांत एक पाय हलला नाही. काम चोख होतं त्याचं, तेवढं म्हणावंच लागेल.

पण आधी हे सांगा, तुम्हाला पाठवलं कुणी? सूनबाईनं ना? नाही कसं — मान हलवू नका, लाकूड बघून मला झाड कळतं, माणूस नाही कळणार? रविवारी नातीचा बाप्तिस्मा, आजोबांनी सगळ्यांपुढे प्रार्थना म्हणायची, आणि आजोबा सुरुवातीच्याच ओळीतला एक शब्द गिळतात — हे तिच्याशिवाय कोण सांगणार तुम्हाला? देवळात माझ्या शेजारी बसते ती. सगळे 'हे आमच्या स्वर्गातल्या बापा' म्हणतात तेव्हा नेमका 'बापा'ला मी खोकतो, हे तिनं बरोबर हेरलं. खोकला कधी कधी खराही असतो. तिला सांगा.

तुम्हाला फादर म्हणायला मला काही वाटत नाही. माझ्या मुलाहून लहान तुम्ही, तरी म्हणतो. तो शब्द टोपीसारखा आहे — चढवला, उतरवला. बाप म्हटलं की मात्र — जाऊ द्या. पाणी देऊ? नको? बरं.

मागच्या रविवारी तुम्ही म्हणालात, रानातली फुलं बघा, पाखरं बघा, म्हणजे बापाची माया कळेल. बोलता छान तुम्ही. पण मी सुतार माणूस. सुतार वरून बघत नाही — वरून काय, पॉलिश मारलं की खोक्याच्या फळीचंही सागवान होतं. माल उलटा करून बघायचा. खाली खिळे वाकवलेत का, फटीत भुसा कोंबलाय का, खडबडीत तसंच सोडलंय का. करणाऱ्याच्या मनात काय होतं ते तिथं दिसतं. कुणाकडे जेवायला गेलो तरी माझा हात आधी टेबलाखालून फिरतो. बायको होती तोवर चिमटा काढायची.

तर तुमच्या देवाचं कामही मी उलटं करून बघितलंय. हसू नका. चाळीस वर्षं बघतोय. पानं उलटी केली. भुंगा उताणा केला — परत सरळही केला, तेवढा दुष्ट नाही मी. झाडाखाली पडलेलं घरटं उचलून आणलं, आत बोट फिरवलं. बाहेरून नुसत्या काटक्या, टोचणाऱ्या, आणि आत — आत पिसं. घेवड्याची शेंग सोलताना कधी नीट बघितलीत? आतून अस्तर असतं तिला, कापसासारखं, एकेका दाण्याच्या मापाचं. अळी शिरली तर तिलाही तेच, भेदभाव नाही. आणि हे बघणार कोण होतं? शेंग मिटलेली, आत अंधार, गिऱ्हाईक नाही. मला घाम फुटला हो त्या दिवशी. कारण मी लबाडी शोधत होतो, आणि लबाडी सापडत नाही म्हणजे काय — नीट लपवलीय, असंच ना? एवढं फुकट कुणी करत नाही. एवढी माया लावणारा एक तर पुढं काही मागतो, नाही तर उठून निघून जातो.

मला कसं ठाऊक? गेला ना तो. त्याच दुपारी. सकाळी मी हे स्टूल खालून धरून ओढायला गेलो, तर लाकडाची ही एवढी कूस बोटात घुसली. रडलो. त्यानं कूस काढली आणि वर एक ठेवून दिली — 'सुताराचं पोर आणि कुसेला रडतं?' मी रुसून आत जाऊन पडलो. मग ते खस्स-खस्स. मग पावलं. दाराशी थांबला, म्हणाला, 'येतो मी.' मी गप्प. सोंग घेतलेलं ना. दूरच्या कामावर गेला तो गेलाच. कुणी म्हणे परांची कोसळली, कुणी म्हणे दुसरं घर थाटलं. मी दुसरंच धरून चाललो. ते बरं पडतं, रागावता येतं. पहिलं धरलं तर — तर मग माणूस 'येतो' म्हणून गेला आणि मी साधं 'या' म्हणालो नाही, हे घेऊन कुठं जायचं?

हे तुम्हाला का सांगतोय मी? सूनबाईला नका सांगू.

काय? हे? नाही, हे नाही कधी उलटं केलं. बसायची वस्तू ती, त्यात काय बघायचं — अहो, उठलात कशाला? ठेवा ते. फादर, ठेवा म्हणतो ना. पाय वर करून काय — माझा हात सोडा. सोडा हो...

...गुळगुळीत आहे.

इथं कडेलाही. पार सांध्यापर्यंत, जिथं कागद नीट जातही नाही तिथंही. बोटं चेपली असतील त्याची. आणि नेमकं इथं, जिथून मी धरलं होतं — बघा, किंचित खोलगट झालंय, एवढं घासलंय. बोट बसतं. लहान बोट.

मी ह्याला पायानं ढकलत आलो, फादर. सहासष्ट वर्षं.

फादर? — निघालात? अहो, रविवारचं काय ते तरी — निदान 'येतो' म्हणून जावं माणसानं.

गेलाच.

बरं. या.